बंद करून विकलेली सोय

"या संगणकात ही सोय नाही," असं पडद्यावर पुन्हा उमटलं आणि पूंगोदैनं लॅपटॉपचं झाकण इतक्या जोरात आपटलं की समोर रुग्णाच्या खुर्चीत बसलेले नाचिमुत्तु अय्यासुद्धा दचकले. अय्यांना दचकवणं सोपं नव्हतं. उभी हयात त्यांनी कोइमतूरच्या सूतगिरणीत, रिंगफ्रेमच्या खात्यात काढली होती, आणि तिथल्या खडखडाटानं त्यांचे दोन्ही कान कधीच खाऊन टाकले होते.

"काय म्हणतंय ते?" अय्यांनी विचारलं. ते नेहमी यंत्रांच्या वर आवाज चढवून बोलल्यासारखे बोलत. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू जाई.

"नाही म्हणतंय, अय्या!"

"कालही नाहीच म्हणत होतं."

"आजही तेच!"

"मग रोज रोज विचारतेस कशाला त्याला, कण्णु, पोरी?"

पूंगोदैनं झाकण पुन्हा उघडलं. सिंगानल्लूरच्या बस स्टँडमागं तिचं कान तपासायचं छोटं केंद्र होतं. म्हैसूरला शिकून आल्यावर मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून ती या गिरणीवस्तीत येऊन बसली, कारण बहिरे सगळे इथंच होते. गिरणी बंद पडली तेव्हा युनियननं भांडून भांडून कामगारांना चांगली परदेशी श्रवणयंत्रं मिळवून दिली होती. यंत्रं दणकट निघाली. पण माणसाचे कान काही आहे तिथं थांबत नाहीत, ते उतरत जातात, आणि उतरतील तसं यंत्र संगणकाला जोडून पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. ती जुळवणी करायचा प्रोग्राम फक्त जुन्या विंडोजवर चाले. यंत्रं बनवणारी कंपनी मध्येच दुसऱ्या बड्या कंपनीनं गिळली, आणि त्या बड्या कंपनीनं जुन्या यंत्रांची जबाबदारी सरळ झटकून टाकली. नवी घ्या म्हणाली.

पूंगोदैचा जुना लॅपटॉप होता तोवर सगळं निभलं. तो गेला. मग तिनं बाजारातून एक जुनाट लॅपटॉप आणला. मारक्काळ नावाची म्हातारी, तीही गिरणीतलीच, यंत्र जुळवायला बसलेली असताना तो मधेच फटकन बंद पडला. यंत्रात नवी जुळवणी अर्धी लिहून झालेली, अर्धी राहिलेली. मारक्काळच्या उजव्या कानाचं यंत्र त्या क्षणी मेलं ते मेलंच. म्हातारी रागावली नाही. "राहू दे, डावा आहे ना," एवढं म्हणून ती डोक्यावर पदर घेऊन उन्हात निघून गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं पूंगोदैला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

म्हणून तर दिवाळीनंतर तिनं हा नवाकोरा, मोठ्या नावाच्या कंपनीचा लॅपटॉप घेतला. विक्रेता म्हणाला होता, "अक्का, काळजीच नको. नव्या विंडोजच्या पोटातच जुनी विंडोज चालते. नव्या घरात जुनी खोली बांधून मिळते म्हणा ना. फक्त प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय पाहिजे, आणि यात तो भारीतला प्रोसेसर आहे."

प्रोसेसर भारीतलाच होता. तिनं तपासणीचा एक छोटा प्रोग्राम चालवून पाहिला, त्यानंही स्पष्ट सांगितलं: सोय आहे. त्याच ओळीत पुढं आणखी एक शब्द होता: बंद. लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी जागा होतो तो बायोस नावाचा प्रोग्राम, आणि त्यात कंपनीनं ती सोय बंद करून वर कुलूप घालून ठेवली होती. इतर कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये तिथं चालू-बंद करायची एक ओळ असते. हिच्यात ती ओळच नव्हती.

नाहीच म्हटलं असतं तर तिनं नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण आहे, आपण विकत घेतलेल्या वस्तूत आहे, आणि तरी वापरायची नाही, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

तिनं कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केले. पलीकडची मुलं गोड बोलत. "मॅडम, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केलात का?" हा पहिला प्रश्न कधी चुकला नाही. एकानं तर सांगितलं की तुमच्या प्रोसेसरमध्ये ती सोयच नाही. तिनं प्रोसेसर बनवणाऱ्यांचं पान उघडून वाचून दाखवलं, तर म्हणाला, "थांबा हं मॅडम, वरिष्ठांना विचारतो," आणि फोनवर सनईसारखं काहीतरी वाजायला लागलं. ते वाजता वाजता लाइन कापली गेली. थेट जुनी विंडोजच नव्या लॅपटॉपवर घालून पाहिली, तर कंपनीनं तिच्यासाठी लागणारे ड्रायव्हर दिलेले नव्हते. पडदा धूसर, जोडणीची भोकं मेलेली. फुकटात मिळणारा दुसरा एक प्रोग्राम लावला, त्यात जुनी विंडोज उघडली खरी, पण श्रवणयंत्राची जोडणीची डबी सारखी सुटत राहिली. मारक्काळचं झाल्यावर सुटणाऱ्या जोडणीवर कुणाचं यंत्र लावायची तिची छाती नव्हती.

इंटरनेटवर त्याच लॅपटॉपवाल्यांची एक चर्चा सापडली. जगभरची माणसं एकच रडगाणं गात होती. लिस्बनचा कुणी विद्यार्थी, ओसाकाचा निवृत्त इंजिनियर, पोलंडमधली शाळामास्तरीण. सगळ्यांनी कंपनीला लिहिलेलं, सगळ्यांना तेच उत्तर: आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. कुणी विनंतीपत्रावर सह्या गोळा करत होता, कुणी नुसताच शिव्या देत होता. पूंगोदैनंही आपली कहाणी लिहिली, खाली गाव कोइमतूर आणि फोन नंबर टाकला, आणि दुसऱ्याच दिवशी तिला फोन आला.

"अक्का, मी एळिलन. तिरुप्पूरचा. बनियनवर छापायची डिझाइनं करतो. माझाही तोच लॅपटॉप, तोच वैताग. रंग वेगळे करायचा माझा प्रोग्राम जुन्या विंडोजचा आहे. पुढच्या आठवड्यात कंपनीवाले तुमच्या गावात मेळावा घेतायत. अविनाशी रोडच्या हॉटेलात. येणार का?"

"येते म्हणजे काय, तंबी! आधी जाऊन पहिल्या रांगेत बसते."

अय्यांना हे कळल्यावर तेही हटून बसले. "मलाही ने. कान माझे अडलेत, तुझे नाहीत."

हॉटेलचा हॉल थंडगार होता. नवं मॉडेल काचेच्या चौरंगावर फिरत होतं. चेन्नईहून आलेले साहेब तासभर पडद्याच्या रंगांबद्दल बोलले. अय्या मुकाट्यानं बोंडं खात बसले होते. प्रश्नांची वेळ झाली तशी पूंगोदैनं माइक घेतला.

"तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय आहे. तुम्ही ती बंद करून विकलीत. ती उघडून द्या, एवढंच मागणं आहे."

साहेब हसले. त्यांना हा प्रश्न नवा नसावा. "मॅडम, ही सोय घरगुती ग्राहकाला लागत नाही."

"मला लागते."

"आपल्यासारखे फार थोडे असतात. शिवाय ते सुरक्षेसाठी बंद ठेवलंय."

"मग तुमच्या महागड्या, ऑफिसवाल्या लॅपटॉपमध्ये तीच सोय उघडी कशी? त्यांच्याकडे चोर जात नाहीत का?"

मागून कुणीतरी हसलं, एळिलनच असावा. साहेबांनी टाय नीट केला. "आमच्या प्रत्येक मालिकेचा ग्राहकवर्ग ठरलेला आहे, मॅडम."

"काय म्हणतोय तो?" अय्यांनी विचारलं. अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

पूंगोदै त्यांच्या कानाशी वाकली, पण हळू बोलून उपयोग नव्हता. "म्हणतो, सोय आत आहे, पण देणार नाही!"

"का म्हणून?"

"म्हणतो, तुम्हाला लागत नाही!"

अय्या बशी खाली ठेवून उठले. "मला लागत नाही? अरे, आमचा मालकही हेच म्हणायचा! कानात घालायला बोळे द्या म्हटलं, तर म्हणायचा, तुम्हाला सवय झालीय आवाजाची, तुम्हाला लागत नाहीत! गोदामात पेटीभर बोळे पडले होते. साहेबलोक पाहायला आले की त्यांना वाटायचे. आम्ही रोज आत, आम्हाला नाहीत!" त्यांनी कानामागचं यंत्र काढून उंच धरलं. ते हातात कुंईकुंई करू लागलं. "हे बघ! हे त्याचं फळ. आता तूही सांग मला, मला काय लागतं नि काय नाही!"

 साहेबांचा चेहरा पडला. माणूस वाईट नसावा. "मी वर कळवतो, अय्या," ते म्हणाले, आणि पूंगोदैला आपलं कार्ड दिलं. निघताना सगळ्यांना कंपनीच्या नावाची कापडी पिशवी मिळाली. कार्डावरच्या पत्त्यावर पूंगोदैनं सगळं सविस्तर लिहून पाठवलं. मार्गळी महिना लागला, पहाटे कोवळ्या थंडीत दारोदारी कोलमच्या रांगोळ्या पडू लागल्या, तरी उत्तर नाही. पुन्हा पाठवलं. मग आलं: आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.

त्या दिवशी ती घरी गेली ती नवऱ्यावर उगीचच ओरडली. तो पंपाच्या कारखान्यात फोरमन होता. तो शांतपणे म्हणाला, "माझ्या पंपाला मी दोन इंचाचं तोंड देऊन एक इंच वेल्डिंगनं बंद करून विकला, तर गिऱ्हाईक मला त्याच पंपानं हाणेल."

"मग मी कुणाला हाणू, सांगा!"

चर्चेतल्या एका पठ्ठ्यानं तोवर वाट काढली होती. बायोसच्या पोटात एका ठरावीक जागी शून्य लिहिलेलं होतं. तिथं एक लिहिला की कुलूप उघडतं. एळिलननं आपल्या लॅपटॉपवर ते करून पाहिलं होतं आणि ते चाललं होतं. पण जागा चुकली तर लॅपटॉप पुन्हा कधी जागा होत नाही. एका इटालियन माणसाच्या लॅपटॉपची अशीच वीट झाली होती.

एळिलन बसनं तिच्या केंद्रावर आला. तिचं मॉडेल त्याच्याहून जरासं वेगळं निघालं. त्यानं बराच वेळ आकड्यांच्या रांगा वाचून एक जागा शोधली, पुन्हा वाचली, पुन्हा खात्री केली.

"हीच वाटते, अक्का."

"वाटते?"

"खोटं कसं बोलू? नव्वद टक्के हीच. पण बटण मी दाबणार नाही. बिघडलं तर तुमचा माझ्यावरचा विश्वास जाईल आणि लॅपटॉपही जाईल. दोन्ही एकदम नको."

पूंगोदैनं आधी सगळ्या रुग्णांची माहिती दुसरीकडे उतरवून घेतली. मग हात कीबोर्डवर ठेवला आणि थांबली. अर्धं लिहून मेलेलं ते यंत्र, पदर घेऊन निघालेली मारक्काळ, सगळं डोळ्यांसमोर आलं. ज्या गोष्टीला आपण घाबरतो तीच हे कंपनीवाले आपल्याला पुन्हा करायला लावतात, या विचारानं तिला भीतीपेक्षा संतापच जास्त आला. आपल्याच वस्तूचं दार आपणच चोरासारखं फोडायचं! तिनं बटण दाबलं.

पडदा काळा झाला. काळाच राहिला. एळिलन नखं खात होता. पंखा घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला, आणि मग कंपनीचं नाव पडद्यावर उजळलं. पूंगोदैनं जुन्या विंडोजची खोली उघडली. ती उघडली. डबी जोडली. सुटली नाही.

"अय्यांना बोलाव, तंबी!" ती ओरडली.

अय्या आले, बसले. दोन्ही यंत्रं जुळवून होईस्तोवर संध्याकाळची उन्हं उंबऱ्यात आली. तिनं ती त्यांच्या कानात बसवली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "येतंय का ऐकू?"

अय्यांनी हात वर करून तिला गप्प केलं. ते रस्त्यापलीकडे कान लावून होते. हळूहळू त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तो चहावाला मला भोंगा म्हणतो?"

पूंगोदै हसू दाबायला गेली आणि जमलं नाही. "कधीपासून म्हणतोय!"

"आणि तू सांगितलं नाहीस?" अय्या तावातावानं रस्ता ओलांडून गेले. नंतर बराच वेळ ते चहावाल्याशी भांडताना दिसत होते, पण आवाज मात्र इकडे येत नव्हता. ते हळू आवाजात भांडत होते.

पूंगोदैनं वेळ दवडला नाही. कुलूप उघडलंय तोवर काम उरकून घ्यावं म्हणून तिनं गिरणीच्या जुन्या लोकांना फोन केले, ज्यांना फोन ऐकू येत नव्हता त्यांच्या सुनांना निरोप दिले. मारक्काळही आली. डावं यंत्र जुळवून झाल्यावर म्हातारी म्हणाली, "माझी सून इतकं हळू बोलते, मला वाटायचं रुसलीय." पूंगोदै हसली, पण तिची नजर उजव्या रिकाम्या कानाकडे जाई आणि परत येई.

पोंगल होऊन गेला आणि लॅपटॉपच्या कीबोर्डची काही अक्षरं उमटेनाशी झाली. हमी चालू होती, म्हणून तिनं तो कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात दिला. काउंटरवरच्या मुलीला तिनं बजावून सांगितलं, "फक्त कीबोर्ड बदला. बायोसला हात लावायचा नाही." कागदावर तसं मोठ्या अक्षरांत लिहायलाही लावलं. मुलीनं मान हलवली.

लॅपटॉप परत आला तो झकास पुसून, पिशवीत घालून. "कीबोर्ड बदललाय मॅडम, आणि बायोसही नवा टाकून दिलाय. फुकट!"

 तिथंच काउंटरवर पूंगोदैनं लॅपटॉप उघडला. तेच वाक्य उमटलं: या संगणकात ही सोय नाही.

"मी सांगितलं होतं ना हात लावू नका! लिहूनही घेतलं होतं!"

"नियमच आहे मॅडम. आलेलं प्रत्येक मशीन अद्ययावत करूनच द्यायचं."

"मग जुना बायोस परत टाका."

"मागं जाता येत नाही, मॅडम." मुलगी गोंधळून गेली होती. "तुमचं काही बिघडलं का?"

काय बिघडलं हे तिला सांगत बसण्यात अर्थ नव्हता. एळिलननं येऊन पाहिलं. ती शून्याची जागाच नव्या बायोसमधून गायब झाली होती. कंपनीनंही ती चर्चा वाचली असावी. "बघा अक्का," तो कडवट हसला, "आपलं म्हणणं ऐकायला त्यांना वेळ नाही, पण भोक बुजवायला आहे."

त्यानंतरचे रविवार एळिलन आपला लॅपटॉप घेऊन तिरुप्पूरहून येत असे. उरलेले रुग्ण त्याच्या लॅपटॉपवर जुळवले जात. तो कोपऱ्यात बसून वर्तमानपत्र वाचे. दुपारी पूंगोदैच्या घरचं अरिसी-परुप्पू सादम, म्हणजे डाळ-तांदळाची खिचडी, जेवून परत जाई. आपल्या टेबलावर नवा लॅपटॉप झाकून ठेवलेला आणि पोरगा सुट्टी मोडून आपलं यंत्र वाहून आणतोय, हे पाहिलं की तिच्या अंगाची लाहीलाही होई.

पंगुनी महिन्याची उन्हं तापायला लागली तेव्हा एक गंमतच झाली. खुद्द विंडोज बनवणाऱ्यांनीच एक छोटा प्रोग्राम सोडला. तो टाकला की जुन्या विंडोजच्या खोलीला प्रोसेसरमधली ती सोय लागेनाशीच झाली. पूंगोदैनं तो टाकला, डबी जोडली, अय्यांची यंत्रं लावून पाहिली. चाललं. इतक्या महिन्यांची ओरड, आणि शेवटी तिसऱ्यानंच भिंतीतून वाट काढून दिली.

"झालं ना काम?" अय्या म्हणाले. "मग तोंड असं का आंबट?"

"कुलूप तसंच आहे, अय्या."

"वाट मिळाली ना?"

"मिळाली. पण सोय माझी होती. मी मागितली होती, आणि त्यांनी दिली नाही."

 अय्यांनी कानामागचं यंत्र चाचपलं आणि मान डोलावली.

आठवड्याभरानं कंपनीकडून फोन आला. एक नवीन मुलगी होती, वाचून दाखवल्यासारखं बोलत होती. "मॅडम, आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?"

"नाही."

"कारण सांगाल? मी पर्याय वाचते. केंद्र लांब आहे, दुरुस्तीला वेळ लागला, कर्मचाऱ्यांचं वागणं, किंवा किंमत."

"यातलं एकही नाही. माझ्या लॅपटॉपमधली सोय तुम्ही बंद करून ठेवलीय."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मागं आणखी कितीतरी मुलींचे आवाज एकाच सुरात तेच प्रश्न विचारताना ऐकू येत होते.

"असा पर्याय नाहीये, मॅडम."

"मग ‘इतर’ लिही."

"‘इतर’ही नाहीये." मुलीचा आवाज जरा खाली आला. "खरंच नाहीये, अक्का. मी काय लिहू?"

पूंगोदैनं डोळे मिटले. या पोरीवर ओरडून काय होणार होतं? दारात मारक्काळ आणि आणखी दोघं येऊन उभी होती.

"तुला जे सोपं पडेल ते लिही," ती म्हणाली, फोन ठेवला, आणि खुर्च्या पुढं ओढल्या.